कंपाइल होतं, पण बोर्डवर चालत नाही: क्रॉस-कंपायलरचा घोळ कुठून सोडवायचा

लॅपटॉप इंटेलचा किंवा एएमडीचा, समोरचा बोर्ड आर्मचा नाहीतर रिस्क-फाइव्हचा. म्हणून लॅपटॉपवर चालून बोर्डसाठी प्रोग्राम बनवणारा क्रॉस-कंपायलर वापरायचा. कंपाइल बिनतक्रार होतं, बायनरी (तयार झालेली प्रोग्रामची फाइल) बोर्डवर टाकली जाते, आणि चालवायला गेलं की एका ओळीचा एरर येतो. ही तक्रार माझ्याकडे सतत येते. तिच्या मागोमाग 'टूलचेन उडवून परत टाकू का?' हा प्रश्नही ठरलेला. टूलचेन म्हणजे कंपायलर, लिंकर आणि त्यांच्या लायब्ररींचा संच.

नका टाकू. कंपायलर स्वतः क्वचितच बिघडलेला असतो. बायनरीला काय हवंय आणि बोर्डवर काय आहे, यांचा मेळ बसलेला नसतो. दोघांनाही ते थेट विचारता येतं आणि त्यासाठी काही उखडावं लागत नाही. उलट परत इन्स्टॉल करण्यात अर्धा दिवस जातो आणि तोच एरर तसाच परत येतो, कारण तीच टूलचेन तशीच परत बसते.

लक्षणं

आधी एरर अक्षरशः जसा आला तसा लिहून ठेवा. 'चालत नाही' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

- 'एक्झेक फॉरमॅट एरर': बायनरी दुसऱ्याच प्रोसेसरची आहे. तपासणी १ आणि २.
- 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि 'एलएस' केलं तर फाइल समोर दिसतेय: लोडर (लागणाऱ्या लायब्ररी जोडून प्रोग्राम सुरू करणारी फाइल) सापडत नाही. तपासणी ३.
- 'व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' किंवा असाच दुसरा आकडा: बोर्डवरची जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जुनी पडतेय. तपासणी ४.
- 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन': तपासणी ५.
- लिंक करतानाच 'स्किपिंग इनकम्पॅटिबल', 'युझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स' किंवा 'कॅनॉट फाइंड सीआरटी१.ओ': बायनरी अजून तयारच झालेली नाही. तपासणी ३ आणि ६.
- 'कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्राम्स', कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवताना: हा बिघाड नाही. स्क्रिप्टला 'होस्ट' सांगायचा राहिलाय.
- सगळं चालतं, फक्त उत्तरं चुकतात: तपासणी ७.

शेवटून दुसऱ्याचं इथेच सांगून टाकतो. ऑटोकॉन्फच्या (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या हत्याराच्या) भाषेत 'बिल्ड' म्हणजे जिथे कंपाइल करताय ते मशीन आणि 'होस्ट' म्हणजे जिथे प्रोग्राम चालणार ते. 'टार्गेट' फक्त कंपायलरच बनवत असाल तेव्हा लागतो. बोर्डला टार्गेट म्हणायची सवय सगळ्यांनाच असते, म्हणून हमखास '--टार्गेट' दिला जातो, स्क्रिप्ट तो मुकाट्याने घेते आणि लॅपटॉपसाठीच कंपाइल करते. '--होस्ट=आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ' द्या.

१. बायनरी नक्की कोणाची आहे?

लॅपटॉपवर 'फाइल' कमांडला तुमची बायनरी द्या. एका ओळीत उत्तर मिळतं: ३२-बिट की ६४, आर्म की एक्स८६-६४, डायनॅमिक की स्टॅटिक, आणि लोडर कुठला. पहिली तपासणी ही, कारण हिच्यात निम्मी प्रकरणं निकालात निघतात: इतका वेळ बायनरी लॅपटॉपचीच बनत होती.

तसं का होतं? मेकफाइलमध्ये कोणीतरी 'सीसी = जीसीसी' असं ठोकून लिहिलेलं असतं. तुम्ही 'मेक'च्या आधी 'सीसी=...' लिहिलंत तर ते एन्व्हायर्नमेंटमध्ये जातं, आणि मेकफाइलमधली नेमणूक एन्व्हायर्नमेंटवर मात करते. तेच 'मेक'च्या नंतर, आर्ग्युमेंट म्हणून लिहिलंत तर तुमचं चालतं. म्हणून 'मेक सीसी=...' असंच लिहा. लिनक्स कर्नल किंवा यू-बूट बांधताना 'क्रॉस_कंपाइल'च्या शेवटी हायफन हवा, कारण तो नुसता उपसर्ग आहे आणि पुढे 'जीसीसी' जसंच्या तसं चिकटतं. कर्नलला 'आर्च' सांगताना 'आर्म६४' म्हणायचं, 'एआर्च६४' नाही. टूलचेनच्या नावात मात्र 'एआर्च६४' असतं. एकाच गोष्टीची दोन नावं, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांतलं ठरलेलं एकच चालतं.

दुसरं कारण, जुना ऐवज. आधीच्या कंपाइलच्या ओ-फाइली तशाच पडलेल्या असतात. सीमेक हे बिल्डचं हत्यार तर पहिल्याच वेळी सापडलेला कंपायलर कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि नंतर कितीही समजावलं तरी ऐकत नाही. बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा. त्यात गमवायचं काही नाही.

एक फसवी गोष्ट: लॅपटॉपवर क्यूईएमयूचं (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचं) युजर-मोड पॅकेज असेल तर आर्मची बायनरी लॅपटॉपवरही चालते, कारण कर्नल ती गुपचूप क्यूईएमयूकडे सोपवतो. 'माझ्याकडे चालली, म्हणजे लॅपटॉपचीच असणार' हा निष्कर्ष तिथे खोटा ठरतो.

२. बोर्ड नक्की कोणाचा आहे?

'युनेम -एम' वर विश्वास ठेवू नका. तो कर्नलबद्दल सांगतो, तुमचा प्रोग्राम ज्या लायब्ररींबरोबर चालणार त्यांच्याबद्दल नाही. रास्पबेरी पाय ४ वर ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस टाकली तरी २०२३ पासून कर्नल ६४-बिट सुरू होतो. 'युनेम' म्हणतो 'एआर्च६४', लायब्ररी सगळ्या ३२-बिट. तुम्ही ६४-बिटची बायनरी बनवता, आणि फाइल समोर असून 'नो सच फाइल' येतं. 'गेटकॉन्फ लाँग_बिट' विचारा. ३२ आलं तर युजरलँड (कर्नल सोडून बाकीचे प्रोग्राम आणि लायब्ररी) ३२-बिट.

त्याहून पक्की युक्ती म्हणजे बोर्डवर आधीपासून चालत असलेली एखादी बायनरी, उदाहरणार्थ 'बिन' फोल्डरमधलं 'एलएस' किंवा छोट्या बोर्डवर 'बिझीबॉक्स', लॅपटॉपवर आणा. ती आणि तुमची, दोन्ही 'फाइल' कमांडला शेजारी शेजारी द्या. त्या दोन ओळींत जिथे फरक दिसेल तिथेच तुमचा दोष. अगदी नव्या पोरालाही हे एकदा दाखवलं की पुढे तो मला फोन करत नाही.

३. लोडर

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा एरर सगळ्यात जास्त छळतो, कारण तो खोटं बोलतो असं वाटतं. तसं नाही. डायनॅमिक बायनरीच्या पोटात तिच्या लोडरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. कर्नल तो उघडायला जातो, सापडत नाही, आणि 'फाइल नाही' असं शेलला कळवतो. शेल बिचारा ते तुमच्या प्रोग्रामच्या नावाने छापतो. हरवलेली असते ती लोडरची फाइल.

'रीडएल्फ -एल' ने तो पत्ता वाचा. हार्ड-फ्लोट आर्मला 'एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३', सॉफ्ट-फ्लोटला 'एलडी-लिनक्स.एसओ.३', ६४-बिट आर्मला 'एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१'. नावात 'मसल' (ही वेगळी सी लायब्ररी) दिसलं तर ते जीलिबसीचं जगच नाही. अल्पाइन आणि ओपनडब्ल्यूआरटी मसलवर चालतात, त्यांना त्यांचीच टूलचेन लागते.

इथे इंटरनेटवर हमखास सल्ला मिळतो की लोडरच्या नावाची सिमलिंक करा. करू नका. हार्ड-फ्लोटमध्ये दशांश संख्या व्हीएफपीच्या (प्रोसेसरमधल्या दशांश-गणिताच्या भागाच्या) रजिस्टरमधून पाठवतात, सॉफ्ट-फ्लोटमध्ये साध्या रजिस्टरमधून. सिमलिंकने प्रोग्राम सुरू झालाच, तरी पूर्णांक बरोबर येतील आणि तापमान भलतंच. सुरूच न होणारा प्रोग्राम त्यापेक्षा परवडला. लिंकर 'युझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स' म्हणून ओरडतो तेव्हा तो हाच धोका आधीच सांगत असतो. टूलचेनच्या नावाच्या शेवटी 'एचएफ' आहे का, एवढं बघा. त्याच टूलचेनच्या जीसीसीला '-डम्पमशीन' दिलं की तो ते नाव छापून देतो. तिथे 'आर्म-नन-ईएबीआय' निघालं तर तुम्ही मायक्रोकंट्रोलरची टूलचेन उचललीय. तिच्यात लिनक्सच नाही, न्यूलिब ही छोटी सी लायब्ररी आहे.

शंका फिटत नसेल तर पाच ओळींचा प्रोग्राम '-स्टॅटिक' देऊन बांधा आणि बोर्डवर चालवा. चालला, तर प्रोसेसरचं गणित बरोबर आहे आणि दोष लोडर किंवा लायब्ररीत आहे. नाही चालला, तर तपासणी ५ कडे जा. हे निदानापुरतंच. जीलिबसी स्टॅटिक केली तरी नेटवर्कवरची नावं शोधताना तिला बोर्डवरच्या लायब्ररी लागतातच.

४. जीलिबसीची आवृत्ती

तुम्ही उबुंटू २२.०४ वर बांधता, तिथे जीलिबसी २.३५. बोर्डवर डेबियन ११, म्हणजे २.३१. प्रोग्राम नुसता 'हॅलो' म्हणणारा असला तरी '२.३४ नॉट फाउंड' येतो. लोक बुचकळ्यात पडतात की मी तर काहीच नवं वापरलं नाही. खरंच वापरलं नसतं. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ ने थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केली आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्ती-शिक्का मारला. 'मेन'च्या आधी ते फंक्शन प्रत्येक प्रोग्रामला लागतंच. म्हणून २.३४ किंवा पुढच्या जीलिबसीवर लिंक केलेला कुठलाही प्रोग्राम त्याहून जुनी जीलिबसी असलेल्या बोर्डवर उठतच नाही.

जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट चालत नाही. बोर्डवर 'एलडीडी --व्हर्जन', बायनरीवर 'रीडएल्फ -व्ही' (कॅपिटल व्ही), दोन आकडे समोर ठेवा. उपाय सोपा: बोर्डच्या इतक्याच किंवा त्याहून जुन्या डिस्ट्रोचा कंटेनर घ्या आणि आत बांधा, किंवा बोर्डचाच सिसरूट वापरा (तो काय, ते तपासणी ६ मध्ये).

लॅपटॉपवरून नवी जीलिबसी उचलून बोर्डवर चिकटवू मात्र नका. अर्धवट बदललेल्या जीलिबसीवर 'एलएस' चालत नाही, 'सीपी' चालत नाही, एसएसएचही परत आत घेत नाही. मग एसडी कार्ड काढून लॅपटॉपला लावण्यावाचून गत्यंतर नाही, आणि बोर्ड कुठल्या तरी टॉवरवर बसवलेला असेल तर बोलायलाच नको.

५. 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'

कुटुंब बरोबर, पिढी चुकीची. प्रोसेसरला न समजणारी सूचना बायनरीत आहे.

ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे रास्पबेरी पाय झीरो आणि पहिला पाय. त्यांच्यातल्या बीसीएम२८३५ चिपमध्ये एआरएम११७६ हा आर्मव्ही६ चा गाभा आहे. डेबियन आणि उबुंटूची 'आर्मएचएफ' टूलचेन मात्र किमान आर्मव्ही७ धरून चालते. रास्पबेरी पाय ओएसही स्वतःला 'आर्मएचएफ'च म्हणवते, पण तिची सगळी पॅकेजं आर्मव्ही६ साठी बांधलेली असतात. नाव एक, मजकूर दोन. त्यामुळे 'फाइल' कमांडला आणि लोडरला काहीच वावगं दिसत नाही आणि प्रोग्राम पहिल्याच पावलावर कोसळतो. पाय झीरो २ मध्ये कॉर्टेक्स-ए५३ आहे, तिथे तीच बायनरी मजेत चालते. 'मित्राच्या झीरोवर चालली' हे ऐकलं की मी आधी विचारतो, कुठला झीरो?

मग लोक कंपायलरला '-मार्च=आर्मव्ही६' (कुठल्या पिढीसाठी बांधायचं तो पर्याय) देतात आणि तरीही कोसळतं. कारण हा पर्याय फक्त तुमच्या कोडला लागू होतो. टूलचेनसोबत आलेल्या सीआरटी१.ओ (प्रोग्रामचा सुरुवातीचा कोड), लिबजीसीसी आणि स्टॅटिक लायब्ररी आधीच आर्मव्ही७ साठी बांधून आलेल्या असतात आणि लिंक होताना तुमच्या बायनरीत शिरतात. 'रीडएल्फ -ए' चालवा. 'टॅग_सीपीयू_आर्च' समोर 'व्ही७' दिसलं की समजा. इथे पर्याय बदलून भागत नाही, आर्मव्ही६ साठीच बांधलेली टूलचेन लागते.

नेमकी सूचना बघायची असेल तर बोर्डवर जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम कोसळू द्या आणि 'एक्स/आय $पीसी' टाका. कुठल्या फंक्शनमध्ये आहे तेही 'बीटी'ने कळतं. तुमच्या फंक्शनमध्ये असेल तर पर्याय चुकलाय, सुरुवातीच्या कोडमध्ये असेल तर टूलचेन.

रिस्क-फाइव्हमध्ये हा प्रकार आणखी बारीक आहे, कारण तिथे प्रोसेसर अक्षरांनी जुळवतात. सी-डॅकच्या वेगा मालिकेतला थेजस३२ हा आरव्ही३२आयएम आहे: गुणाकार-भागाकार आहे, कंप्रेस्ड सूचना नाहीत, हार्डवेअर फ्लोट नाही. त्याला 'आरव्ही३२आयएमएसी' म्हणून बांधलेला कोड दिला की तो अडकणारच. दुसरी गंमत, जुना कोड नव्या टूलचेनवर असेम्बलच होत नाही आणि 'झेडआयसीएसआर रिक्वायर्ड' असा एरर येतो. बिनयुटिल्स २.३८ आणि जीसीसी १२ पासून कंट्रोल रजिस्टरच्या सूचना मूळ संचातून वेगळ्या मोजल्या जातात. '-मार्च' पर्यायाच्या शेवटी '_झेडआयसीएसआर' जोडा, संपलं.

६. सिसरूट

इथपर्यंतचं सगळं तासाभरात होतं. सिसरूटला मात्र दिवस काढून ठेवा.

सिसरूट म्हणजे बोर्डच्या हेडर आणि लायब्ररींची लॅपटॉपवरची प्रत. नियम एकच: कंपायलरने त्या फोल्डरच्या बाहेर पाऊल टाकता कामा नये. 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' आला म्हणजे लिंकर लॅपटॉपच्या लायब्ररीपर्यंत जाऊन आलाय. लायब्ररींबाबत निदान तो ओरडतो. हेडरबाबत कोणीच ओरडत नाही. कोणीतरी मेकफाइलमध्ये '-आय' देऊन लॅपटॉपचा 'युझर-इन्क्लूड' घुसवलेला असतो, कंपाइल होतं, आणि स्ट्रक्चरच्या आकारात घोळ होतो. असा '-आय' दिसला की काढा, विचारू नका कोणी घातला.

पुढचा संशयित पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लायब्ररी कुठे आहेत ते कंपायलरला सांगणारं हत्यार. 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' जुन्या यादीत भर घालतो, म्हणजे लॅपटॉपची यादी शिल्लक राहते. 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर' यादीच बदलतो. तोच वापरा, आणि सोबत 'पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर'. सीमेकला टूलचेन फाइल द्या आणि तिच्यात 'सीमेक_सिस्टीम_नेम' लिहायला विसरू नका. ते नसलं तर कंपायलर आर्मचा असूनही सीमेकच्या मते हे लॅपटॉपचंच काम. 'फाइंड_रूट_पाथ'च्या तीन ओळींत प्रोग्रामसाठी 'नेव्हर', लायब्ररी आणि इन्क्लूडसाठी 'ओन्ली'. कारण कंपाइलच्या वेळी लागणारी हत्यारं लॅपटॉपचीच चालवायची असतात.

बोर्डवरून प्रत आणताना सिमलिंक घात करतात. बऱ्याच लायब्ररींच्या सिमलिंक मुळापासूनचा पूर्ण पत्ता सांगतात. लॅपटॉपवर आल्यावर त्या लॅपटॉपच्याच मुळाकडे बोट दाखवतात. 'आरसिंक'ला '--कॉपी-अनसेफ-लिंक्स' द्या, म्हणजे तशा लिंकऐवजी खरी फाइल येते. 'कॅनॉट फाइंड लिबसी.एसओ.६ इनसाइड' असं आलं तर सिसरूटमध्ये 'लिब' फोल्डर आहे का बघा. नव्या डेबियनमध्ये 'लिब' ही 'युझर-लिब'चीच सिमलिंक असते आणि फक्त 'युझर' आणलं की ती मागे राहते. 'सीआरटी१.ओ' सापडत नसेल तर बहुधा डेबियनचा सिसरूट आणि बाहेरची टूलचेन अशी जोडी आहे. डेबियन लायब्ररी आर्किटेक्चरच्या नावाच्या पोटफोल्डरमध्ये ठेवतो आणि बाहेरच्या कंपायलरला ती चाल माहीत नसते. त्याला '-बी' आणि '-एल' (दोन्ही कॅपिटल) देऊन तो फोल्डर दाखवा. किंवा सरळ डेबियनचीच टूलचेन घ्या, जी कमी डोकेदुखी आहे.

७. चालतं, पण चुकतं

आधी 'चार' बघा. एक्स८६ वर तो साइन्ड, आर्म लिनक्सवर अनसाइन्ड. 'गेटचार'चं उत्तर 'चार'मध्ये ठेवून ईओएफशी तुलना करणारा लूप लॅपटॉपवर थांबतो, बोर्डवर कधीच नाही. '-एफसाइन्ड-चार' देऊन वागणं बदललं तर कारण सापडलं, पण दुरुस्ती कोडमध्येच करा. मग 'लाँग'. ३२-बिट आर्म लिनक्सवर तो चार बाइटचा, ६४-बिटवर आठचा. फाइलमध्ये थेट स्ट्रक्चर लिहिणारा कोड इथे पडतो.

८. स्वतः टूलचेन बांधणं

वरचं सगळं झालं आणि तुमच्या चिपसाठी तयार टूलचेन खरंच मिळत नाही, तरच. हाताने बिनयुटिल्स, कर्नल हेडर, अर्धा जीसीसी, लायब्ररी आणि मग पूर्ण जीसीसी असा क्रम लावत बसू नका. क्रॉसटूल-एनजी किंवा बिल्डरूट तेच काम करतात. कर्नल हेडर बोर्डवरच्या कर्नलइतके किंवा त्याहून जुने निवडा. कॉन्फिग फाइल गिटमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच टूलचेन परत बांधता येणार नाही.

इथे थांबा

कंपायलर 'इंटर्नल कंपायलर एरर' देतोय आणि दर वेळी वेगळ्या फाइलवर: टूलचेनला हात लावू नका, लॅपटॉपची रॅम आणि तापमान तपासा. मेमटेस्ट नापास झाली तर तो हार्डवेअरवाल्याचा विषय. दर वेळी त्याच ओळीवर येत असेल तर तो कंपायलरचा बग, दुसरी आवृत्ती घ्या.

'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' दर वेळी वेगळ्या जागी येतं आणि 'एक्स/आय'मध्ये सूचना धडधाकट दिसते: वीजपुरवठा किंवा रॅमचं टायमिंग. एखादा जाडसर पॉवर सप्लाय लावून बघा. तेवढ्यावर भागलं नाही तर ऑसिलोस्कोपवाला हार्डवेअर इंजिनिअर बोलवा.

बोर्ड कंपनीने दिलेली बंद लायब्ररी सॉफ्ट-फ्लोट आहे आणि तुमचं सगळं हार्ड-फ्लोट: यावर जुगाड नाही. कंपनीकडे योग्य लायब्ररी मागा.

सिक्युअर बूटचे फ्यूज, वैद्यकीय उपकरण, गाडीचं कंट्रोलर किंवा प्रमाणपत्र मिळालेलं कुठलंही उत्पादन: फ्यूज एकदा जळला की परत येत नाही, आणि प्रमाणपत्र कंपायलरच्या आवृत्तीसकट मिळालेलं असू शकतं. तिथे 'जरा नवीन जीसीसी टाकून बघू' हा निर्णय तुमचा नाही. त्या विषयातला माणूस गाठा.

त्याच्याकडे जाताना हे सोबत न्या: एररची जशीच्या तशी ओळ, 'डम्पमशीन'चं उत्तर, तुमच्या आणि बोर्डच्या बायनरीवरचे 'फाइल' आणि 'रीडएल्फ'चे आउटपुट, बोर्डवरचं 'एलडीडी --व्हर्जन', आणि '-व्ही' देऊन केलेल्या लिंकचा पूर्ण लॉग. स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट फाइल द्या.